कल्टारचं माप, उंदरांच्या पुड्या आणि माकडांचा पंचनामा

जुलै उजाडला की कोकणातल्या बागायतदारांचे फोन ठरलेल्या विषयांवरच येतात. या आठवड्यातले तीन प्रश्न.

प्रश्न : हापूसची साठ जुनी कलमं आहेत. गेल्या वर्षी मोहोर कमी होता. दुकानदार झाडामागे सरसकट ५० मिली कल्टार (मोहोर यावा म्हणून मातीत ओतायचं पॅक्लोब्युट्राझोल हे औषध) घाला म्हणतो. घालू का?

नको. दुकानदाराने तुमचं एकही झाड पाहिलेलं नाही. टेप घ्या, फांद्यांचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजा, मग दक्षिण-उत्तर मोजा. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. दर मीटरला ३ मिली, बस्स. ८ मीटरच्या कलमाला २४ मिली होतात, म्हणजे दुकानदाराचं माप दुपटीहून जास्त आहे. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळा आणि खोड ते फांद्यांचं टोक यांच्या मध्यावर खोडाभोवती गोलाकार रांगेत खड्डे पाडून सारखं ओता. आधी बुंध्याभोवतीचं गवत काढा. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी हात लावू नका, औषध पऱ्ह्यात जाईल.

वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. 'सप्टेंबरात घातलं तरी चालतं' हे फक्त काउंटरवर चालतं. दहा वर्षांखालच्या किंवा रोगट झाडाला अजिबात नको.

जास्त डोस दिलेली झाडं मी बघितली आहेत. मोहोर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गच्च आखडलेला, वीतभर यायची ती पालवी बोटभर. औषध मातीत राहतं, दर वर्षी भर पडत जाते. असं झाड दिसलं तर यंदा कल्टार बंद, शेणखत आणि खत वेळेवर द्या. पुन्हा सांगतो, दुकानदाराला विचारून डोस ठरवू नका.

प्रश्न : उंदीर कोवळी शहाळी पाडतात. दुकानातून आणलेल्या पुड्या दुप्पट ठेवल्या, तरी तेच. परवा माडाखाली घुबड मेलेलं सापडलं.

दुप्पट कोणी ठेवायला सांगितल्या? त्या पुड्यांतल्या ब्रोमाडायोलोन या विषाने उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस फिरत राहतो. तो घुबडाने खाल्ला की विष घुबडात जातं. रोज रात्री उंदीर मारणारा बिनपगारी राखणदार तुम्ही स्वतः घालवलात.

माडाला जमिनीपासून दोन मीटरवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. नखं रुतत नाहीत, उंदीर घसरतो. मात्र शेजारच्या झाडाला झावळी टेकत असेल तर पत्रा फुकट. उंदीर वरून येतो. शेंडा साफ करा, सुकलेल्या झावळ्या आणि पोयी काढा. गडी वर चढलाच आहे तर कोवळ्या झावळीवर त्रिकोणी काप दिसतात का पाहायला सांगा. दिसले तर गेंड्या भुंगा आहे, तारेच्या आकड्याने ओढून काढा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात असतात. खड्डा उकरून कोंबड्या सोडा, अर्ध्या दिवसात काम होतं.

आणि बागेतला पोकळ झालेला जुना आंबा सरपणाला तोडू नका. गव्हाणी घुबड अशा झाडाच्या ढोलीत घरटं करतं. माझा या गोष्टीवर हट्ट आहे, भेटीला आलो की आधी तेच विचारतो. धामण दिसली तर वाट सोडा. तिला मारणं गुन्हा आहे आणि मूर्खपणाही.

प्रश्न : माकडं रोज येतात, भरपाई मिळते का? मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावायला अनुदान आहे का?

भरपाई वनखात्याकडून. नुकसान दिसल्यावर तीन दिवसांत अर्ज करा. पडलेली फळं आणि मोडलेल्या फांद्या उचलू नका. पंचनाम्याला गेलो की बाग झाडून लख्ख केलेली असते, मग आम्ही काय लिहायचं? सातबारा आणि फोटो जवळ ठेवा. अनुदानासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत, पैसे तीन वर्षांत, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. कागदांसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा. माकडांचा बंदोबस्त करायला फळात विष घालायचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाच्या दुकानातून खतही घेऊ नका.