प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडून कापडी पिशव्यांची सवय कशी लावावी?

आपण लिहिले आहे की, चार चांगल्या कापडी पिशव्या विकत आणूनही बाजारात जाताना त्या घरीच राहतात, ओल्या भाजीला आणि मासळीला शेवटी प्लॅस्टिकचीच पिशवी घ्यावी लागते, आणि एवढा खटाटोप करून खरोखर काही फरक पडतो का, अशी शंकाही मनात येते. मी ठाण्यात राहते. 23 जून 2018 रोजी आपल्या राज्यात प्लॅस्टिकबंदीची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरात ही सवय हळूहळू रुजली. म्हणून अनुभवाचेच सांगते.

पिशवी विसरण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: बाजारातून आल्यावर भाजी ओट्यावर रिकामी होते आणि पिशवी स्वयंपाकघरातच कुठेतरी घडी होऊन पडते. आम्ही चपलांच्या कपाटाशेजारी एक खिळा ठोकला आणि घरात असा नियम केला की, भाजी ज्याने आणली त्याने ती काढून ठेवल्यावर लगेच पिशवी खिळ्याला लावायची, चहा त्यानंतर. याशिवाय एक पातळ, मुठीत मावेल अशी पिशवी माझ्या पर्समध्ये आणि एक स्कूटरच्या डिकीत कायम असते, कारण आपली निम्मी खरेदी ठरवून होतच नाही. कामावरून परतताना स्टेशनबाहेर मटार दिसले की तिथेच घेतले जातात. पहिले दोन-तीन महिने विसरायला झालेच. अशा वेळी मी मोजकेच सामान घेऊन हातात किंवा ओढणीत बांधून आणत असे, आणि ती गैरसोय दोनदा झाल्यावर पिशवी आपोआप लक्षात राहू लागली.

आता पिशव्यांविषयी. कृपया आणखी पिशव्या विकत घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने 2018 मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला होता. केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तर साधी सुती पिशवी 52 वेळा वापरली म्हणजे ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, पण पाणी व इतर सर्व निकष धरले तर हाच आकडा सुमारे 7,100 वर जातो, असे त्यात दिसते. कापूस पिकवायला, धागा काढायला आणि रंगवायला जे पाणी, खत आणि वीज लागते त्याचा हा हिशेब आहे. रस्त्यावर, नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचे नुकसान मात्र त्यात धरलेले नाही, आणि आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीतल्या गटाराच्या जाळीला चिकटलेला पिशव्यांचा चिखलाने माखलेला थर मी स्वतः पाहिला आहे. तो हाताने ओरबाडून काढावा लागला होता. पूर केवळ पिशव्यांमुळे आला असे मी म्हणणार नाही, पण पाण्याची वाट त्यांनी अडवली होती हे डोळ्यांसमोरचे होते. पातळ पिशवीला वजनच नसल्याने कचरा वेचणाऱ्यांनाही ती उचलून काही मिळत नाही, म्हणून ती जिथे पडते तिथेच राहते.

तेव्हा डेन्मार्कच्या आकड्यांतून मी घेतलेला अर्थ एवढाच की, जे कापड घरात आधीच आहे त्याचीच पिशवी करावी आणि ती फाटेपर्यंत वापरावी. जुनी सुती चादर किंवा पडदा यासाठी उत्तम. माझी पिशवी सोळा इंच रुंद आणि अठरा इंच उंच असते, कडेला दुहेरी शिवण घालते, आणि पिशवी धरायचे बंद (पट्टे) तोंडाच्या काठावरच न टाचता दोन इंच आत घेऊन चौकोनी शिलाई मारते व त्या चौकोनात फुलीसारखी तिरकी टीप घालते. पिशवी फाटते ती नेहमी बंदापाशी. तिथे एवढे केले की पाच किलो कांदे-बटाटे निश्चिंतपणे आणता येतात.

दुकानात मिळणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांविषयी सावध राहा. त्यांपैकी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. काठाचा धागा ओढून पाहा: विणलेल्या कापडाचा उभा-आडवा धागा सुटून येतो, या पिशवीचा येत नाही, आणि तिच्यावर दाबलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. आमच्या गच्चीत अशी एक पिशवी उन्हाळाभर राहिली आणि उचलायला गेले तेव्हा तिचा हातात भुगा झाला. तो भुगा पुढे मातीतच मिसळणार. घरात आलीच असेल तर ती सावलीत ठेवून भरपूर वापरावी.

ओल्या वस्तूंचा प्रश्न डब्याने सुटतो. मासळीसाठी मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा नेते. सुरुवातीला कोळीणबाईंना घाई असे आणि त्यांचा हात सवयीने पिशवीकडे जाई, म्हणून भाव ठरण्याआधीच डबा उघडून पुढे करायचा. मासळीच्या डब्याची पिशवी वेगळी ठेवावी आणि प्रत्येक वेळी धुवावी. भाजी सरळ तागडीतून पिशवीत घ्यावी. कांदे-बटाटे आधी, टोमॅटो आणि पालेभाजी शेवटी, एवढा क्रम पाळला की वेगवेगळ्या पिशव्या लागत नाहीत. किराणा दुकानात सुटी साखर किंवा रवा घ्यायचा असेल तर छोटी कापडी पिशवी आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगावे. फ्रिजमध्ये मात्र कोथिंबीर कोरड्या कापडी पिशवीत सुकते. ती निवडून, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी.

घरात आधीच साठलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या एकदम फेकून देऊ नका. धुऊन, वाळवून फाटेपर्यंत घरातच वापरा आणि मग सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. ओला कचरा त्यात बांधून देऊ नका, कारण मग कचराही कुजत नाही आणि पिशवीही कोणाच्या कामाची राहत नाही. आमच्याकडे बादलीच्या तळाशी वर्तमानपत्र घालतो आणि बादली थेट गाडीत रिकामी करून रोज धुतो.