प्रतिमा जुळते, तरी फोटो सॉफ्ट का येतो?

प्रश्न (मालवण): डिजिटल रेंजफाइंडरवर (दोन खिडक्यांतल्या प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा कॅमेरा) ५० मिमी एफ/२ लेन्स वापरतो. दशावतारी कलाकार रंगपटात तोंड रंगवत असताना दीड मीटरवरून फोटो काढले. मधल्या उजळ चौकोनात डोळ्याच्या दोन्ही प्रतिमा नीट जुळवल्या होत्या, तरी डोळे सॉफ्ट आणि कान शार्प. दोष कॅमेऱ्याचा की माझा?

उत्तर: दोन्ही शक्यता आहेत, पण आधी हात तपासा. दीड मीटरवर एफ/२ ला (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे) शार्प पट्टा जेमतेम ७ सेंमीचा मिळतो, म्हणजे डोळ्यापुढे-मागे साडेतीन सेंमी. फोकस मधल्या चौकोनातच होतो. म्हणून डोळ्यावर फोकस करून मग चेहरा चौकटीच्या कडेला आणण्यासाठी आपण कॅमेरा वळवतो. तो १५ अंश वळला की फोकसचे प्रतल, म्हणजे जिथे सगळे शार्प येते तो पडदा, त्याच्याबरोबर वळते आणि डोळ्याच्या सुमारे ५ सेंमी मागे जाते. तिथे कान असतो! उपाय सोपा आहे: कॅमेरा वळवण्याऐवजी आडवा सरकवा. जागा नसेल तर वळवल्यावर किंचित मागे रेला. सर्वांत चांगले म्हणजे एफ/४ वापरून आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) दोन स्टॉप, म्हणजे चौपट वाढवा. आजच्या सेन्सरांना ते सहज झेपते.

इतके करूनही फरक पडला नाही तर चाचणी घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स एफ/२ वर, एक मीटरवर ४५ अंशांत तिरकी ठेवलेली मोजपट्टी. तिच्या मधल्या रेघेवर फोकस करून दहा फोटो काढा: पाच वेळा रिंग अनंताकडून (सर्वांत लांबच्या खुणेकडून) फिरवत आणा, पाच वेळा जवळून. दहाही एकाच बाजूला चुकले तर जुळणी बिघडली आहे. कधी पुढे, कधी मागे येत असतील तर डोळ्याचा प्रश्न आहे, आधी चष्म्याचा नंबर बघून घ्या. लायकाच्या एम या रेंजफाइंडर मालिकेत टाइप २४० पासून बहुतेक मॉडेलांत लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले दृश्य मागच्या पडद्यावर) आहे. पडद्यावर फोकस शार्प केल्यावर चौकोनातल्या प्रतिमा फाकलेल्या दिसल्या तर निदान पक्के. मग दुसरी लेन्स लावा. तीही तशीच चुकली तर कॅमेरा दुरुस्तीला, एकटी पहिलीच चुकत असेल तर ती लेन्स. रेंजफाइंडरची जुळणी माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आतल्या लहानशा चाकावर आणि त्याच्या दांड्यावर अवलंबून असते. दुचाकीच्या डिकीत हादरे खाऊन ती सरकू शकते. ते स्क्रू घरी फिरवू नका. जवळचे जुळवायला गेलात तर लांबचे बिघडते.

प्रश्न (गुहागर): पोफळीच्या बागेत आणि वाळत घातलेल्या जाळ्यांवर फोकस चुकतो. अनंताची तपासणी समुद्रावर केली, तीही पटेना.

उत्तर: रेंजफाइंडर दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा डावी-उजवीकडे सरकवून जुळवतो. म्हणून त्याला उभी कड लागते. क्षितिजाची रेघ आडवी असते, ती सरकवली तरी स्वतःवरच पडते, तेव्हा समुद्रावर तपासणी होतच नाही. किलोमीटरभर तरी लांब असलेले दीपगृह, मोबाइल टॉवर किंवा नांगरलेल्या होडीची डोलकाठी घ्या. लेन्स अनंतावर टेकल्यावर त्या वस्तूच्या दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) ताणलेला दोर, पायऱ्या, होडीची आडवी कड असेल तेव्हा कॅमेरा उभा धरून फोकस करा, मग आडवा करा.

पोफळीत अडचण उलटी असते. सारखी खोडे ओळीने उभी असल्याने एका खोडाची प्रतिमा शेजारच्या खोडावर बसते आणि जुळले असे वाटते. जाळ्याच्या आसाचेही (भोकांचेही) तेच. खोडावरची एखादी खूण, वेलीचे पान, जाळ्याचा बोया किंवा फाटका कोपरा पकडा. शंका आली तर लेन्सवरचे अंतर वाचा: समोरचे झाड तीन पावलांवर असताना रिंग ७ मीटर सांगत असेल तर जुळणी खोटी आहे.

प्रश्न (हर्णै): बंदरावरच्या लिलावात फोकसला सवडच मिळत नाही.

उत्तर: मग फोकस आधीच करून ठेवा. ३५ मिमी, एफ/८, अंतर ३ मीटर: साधारण २.१ ते ४.९ मीटरपर्यंत सगळे शार्प येते. लेन्सवर कोरलेल्या खुणा याहून जास्त पट्टा दाखवतात, त्या फिल्मच्या काळच्या सैल हिशोबाच्या आहेत. म्हणून एफ/८ ला एफ/५.६ च्या खुणा वाचा. संध्याकाळच्या स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, १/५०० पासून सुरुवात करा. चौकटीबाहेरचेही दिसते हा या कॅमेऱ्याचा खरा फायदा: टोपली घेऊन येणारी बाई चौकटीत शिरण्याआधीच दिसते. लेन्सचे झाकण मात्र आठवणीने काढा. व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे झाकण तसेच राहिले तरी दृश्य नीट दिसत राहते.

प्रश्न (देवगड): जुना लायका एम९ मिळतो आहे. इथल्या हवेत टिकेल का?

उत्तर: २००९ चा हा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, रंग सुंदर देतो. पण याच्या मूळ सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरवरची काच झिजते. एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून १०० टक्के मोठा करून पाहा. धुळीचा ठिपका साफ केल्यावर जातो. भोवती फिकट कडे असलेला, सफाईनंतरही जागा न सोडणारा डाग म्हणजे काचेची झीज. सेन्सर बदलल्याची पावती नसेल तर आमचा सल्ला: घेऊ नका.

कोणताही घेतलात तरी एम लेन्सच्या माउंटला रबरी सील नसते, तेव्हा खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलणे टाळा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात ओलवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. मिरगापासून गणपतीपर्यंत चामड्याची पिशवी नको, ती ओल धरते आणि बुरशीला घर देते. हवाबंद डबा, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा, ६० च्या वर राहू देऊ नका. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत घाला.