वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना पोटाच्या स्नायूत रक्त साकळलं तर ऑपरेशन करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि आईंना आजच ॲडमिट करा.

तुम्ही लिहिलंय की आई केजला असतात, हृदयाची झडप बदललेली आहे, तुरीच्या राशीच्या दिवसांत खोकला जडला, एका ठसक्यासरशी बेंबीखाली उजवीकडे कळ आली आणि गाठ लागायला लागली. सोनोग्राफीत ‘रेक्टस शीथ हिमॅटोमा’, म्हणजे पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूत साकळलेलं रक्त, आलाय. चित्र जुळतंय. जोराच्या खोकल्याने स्नायूतली बारीक रक्तवाहिनी फाटते आणि वॉरफेरिनमुळे रक्त लवकर थांबत नाही. खोकल्यासाठी कुठली अँटिबायोटिक दिली होती का, तेही बघा. काहींनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, एकदम चढतो.

मी सर्जन आहे. अशा पेशंटला मी उताणं झोपवतो, दुखतं तिथं बोट दाबून धरतो आणि हात न टेकता मान उचलायला लावतो. दुखणं आतड्याचं किंवा अपेंडिक्सचं असेल तर स्नायू ताठ झाल्यावर बोटाखाली कमी दुखतं. ‘आई गं’ करून माझा हातच ढकलला, तर दुखणं पोटाच्या भिंतीतलं. गाठही तशीच हाताला लागत राहते.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. ओटीपोटात या स्नायूला मागून घट्ट अस्तर नसतं, त्यामुळे रक्त आत मूत्राशयाभोवती उतरतं. बाहेर गाठ लिंबाएवढी आणि आत भरपूर रक्त, असंही होतं. पहिलं हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निवांत बसू नका, काही तासांनी परत करायला सांगा. सोबत आयएनआर आणि शक्यतो कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, रक्तवाहिन्या उठून दाखवणारं औषध) देऊन सीटी स्कॅन.

रक्तस्राव थांबलेला असेल तर आराम, खोकल्याचं औषध आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर भागतं. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको. वॉरफेरिन किती दिवस थांबवायचं, त्यावर उतारा म्हणून व्हिटॅमिन के द्यायचं का, हे हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावूनच ठरवावं लागतं, कारण झडपेवर गुठळी झाली तर ते याहून वाईट. रक्त चालूच राहिलं तर जांघेतून नळी घालून ती वाहिनी बंद करतात. त्यासाठी तुमच्याकडून लातूर किंवा संभाजीनगर गाठावं लागेल. चिरफाड अगदी शेवटी.

आणि ‘बेंबी सरकली’ म्हणून कुणी पोट चोळायला आलं तर दारातूनच परत पाठवा. विटेचा शेकही नको. चक्कर, घाम, धडधड किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता गाडी काढा.