थिनरचा वास, मीटरचे आकडे आणि ९ मे

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणारे एक वाचक लिहितात की, त्यांच्या सदनिकेखालच्या गाळ्यात फर्निचरला स्प्रेने पॉलिश मारले जाते, थिनरचा वास रात्री उशिरापर्यंत घरात कोंडून राहतो, आणि ऑनलाइन मागवलेल्या मीटरवर त्यांनी सात महिने टिपलेले आकडे न्यायालयात चालतील काय. अंबड, सातपूर, सिडको भागांतून अशीच पत्रे मला वारंवार येतात. त्यामुळे हा वास अपायकारक आहे हे सिद्ध करण्यात मी जागा घालवीत नाही.

आपल्या कागदांतला निर्णायक कागद सर्वांत शेवटी आहे. १८ सप्टेंबरला गाळेधारकास दिलेल्या आणि त्याची पोच असलेल्या पत्रात आपणच लिहिले आहे की, हा वास १० सप्टेंबरपासून येतो. काम बंद करण्याचा आदेश मागायचा तो पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १४(३) प्रमाणे वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण आणखी जास्तीत जास्त साठ दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही. सहा महिने १० मार्चला संपले आणि साठ दिवस ९ मे रोजी संपतील. वास रोज येतो म्हणून कारणही रोज नवे, हा युक्तिवाद दिवाणी दाव्यात मुदत अधिनियमाच्या कलम २२ च्या आधारे करता येतो. न्यायाधिकरणापुढे मात्र कलम १४(३) मधील ‘प्रथम’ हा शब्द त्याच्या आड उभा राहतो. आणि ‘आकडे साठेपर्यंत थांबलो’ हे पुरेसे कारण म्हणून मांडताना मलाच संकोच वाटेल. पत्राची पोच मिळाली त्याच आठवड्यात आपण वकिलाकडे गेला असता, तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरण अधिनियमाचे कलम १५ पाच वर्षे देते, परंतु आपल्याला हवे आहे ते काम बंद होणे. एका घराचा त्रास हा कलम १४ ला लागणारा ‘पर्यावरणविषयक महत्त्वपूर्ण प्रश्न’ ठरेल काय, याची खात्री मी देणार नाही. वरच्या मजल्यांवरील कुटुंबे सहअर्जदार झाली तर बाजू सावरेल. दिवाणी दावा हा दुसरा मार्ग आहे, पण तेथे याच अधिनियमाच्या कलम २९ खाली अधिकारक्षेत्राची हरकत येऊ शकते आणि तिच्या सुनावणीच्या तारखा मोजण्यातच वर्ष निघून जाते.

आता मीटर. तो बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा, म्हणजे थिनरसारख्या द्रवांतून हवेत उडणाऱ्या रसायनांचा, एकत्रित अंदाज देतो; त्यात थिनरमधले टोल्युइन किती आणि झायलीन किती, हे त्याला कळत नाही. शिवाय आपल्या एका छायाचित्रात मीटरच्या मागेच देवघरातली पेटलेली उदबत्ती स्पष्ट दिसते. प्रतिपक्षाचा वकील पहिला प्रश्न तिच्यावरच विचारील. म्हणून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पंप लावून, हवेतील रसायने धरून ठेवणाऱ्या शोषक नळीत हवा घ्यावी आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे प्रत्येक रसायन वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, तिचे पृथक्करण करून घ्यावे: एक नमुना फवारणी चालू असताना, एक गाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी, आणि दोन्ही वेळी एकेक इमारतीबाहेरच्या मोकळ्या हवेचा. त्या दिवशी घरात उदबत्ती, फिनेल, अत्तर काहीही नको. हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेन्झिनची मर्यादा वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पण ती बाहेरच्या हवेसाठी आहे. त्यामुळे कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांतील फरक हाच आपला खरा पुरावा राहील.

अहवालासाठी मात्र अर्ज अडवू नका. पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे अर्ज आणि विलंबमाफीची विनंती एकत्र दाखल करा, प्रदूषण नियंत्रण मंडळाने जागेची पाहणी करावी अशी मागणी त्यातच घाला आणि अहवाल नंतर शपथपत्रासोबत जोडा. छायाचित्रे ज्या मोबाइलमध्ये आहेत तो विकू नका किंवा रीसेट करू नका, कारण छायाचित्रे पुरावा म्हणून देण्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र देताना तोच मोबाइल लागेल.