खुब्याचा गोळा अजून गोल आहे का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा असून तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मूत्रपिंडाच्या विकारासाठी त्याने आठ महिने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेतल्या. कमी मात्रेत त्या अजूनही चालू आहेत. डाव्या जांघेत दुखू लागले तेव्हा पहिला एक्स-रे साफ आला, पण आता सांगलीत पुन्हा काढलेल्या एक्स-रेत व एमआरआयमध्ये डाव्या खुब्याचे हाड मरत असून दुसरी अवस्था आहे, उजवीकडेही सुरुवात झाली आहे, असे निघाले. एका मोठ्या शहरातील केंद्र स्टेम सेलच्या इंजेक्शनने हाड पुन्हा जिवंत करण्याची हमी देते आणि काही लाख मागते. नातेवाईक सांधाच बदला म्हणतात, तर भाऊ गोळ्या बंद करायला निघाला आहे. छाटणी तोंडावर आली आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी गोळ्यांचे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. ते अनेक महिने चालू असले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे जवळपास थांबवते, त्यामुळे गोळी एकाएकी सोडल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. शिवाय हाडाचा मेलेला भाग त्याने जिवंत होत नाही. मात्रा कशी उतरवायची हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ठरवावे, आणि त्यांना खुब्याचा अहवाल लगेच दाखवावा.

मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. स्टेरॉइडमुळे हाडाच्या आतल्या मज्जेतील मूळ पेशी (स्टेम सेल) हाड घडवण्याऐवजी चरबीकडे वळतात, चरबीच्या पेशी फुगतात, आणि बाहेरचे कवच ताठ असल्याने आतला दाब वाढून रक्त अडते. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही काळ ते आकार धरून राहते, मग भार पडता पडता कूर्चेखाली, म्हणजे सांध्यावरच्या गुळगुळीत आवरणाखाली, चीर जाते आणि गोळा चपटा होतो. दुसरी अवस्था याचा अर्थ गोळा अजून गोल आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत सगळे या गोलपणावरच अवलंबून आहे.

स्टेम सेलचे ‘इंजेक्शन’ हा शब्द मात्र फसवा आहे. भूल देऊन कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा काढली जाते. एकाच जागेवरून सिरिंज भरभरून ओढली तर मज्जेऐवजी साधे रक्तच येते, म्हणून सुई फिरवत, किंचित मागे घेत, दर वेळी थोडे थोडेच ओढावे लागते. हे काम घाईचे नव्हे. ती मज्जा यंत्रात फिरवून घट्ट केली जाते आणि मांडीच्या बाजूने, एक्स-रेत पाहत, मेलेल्या भागापर्यंत पाडलेल्या भोकातून आत सोडली जाते. नुसत्या भोकानेही आतला दाब उतरतो. त्याला कोअर डिकंप्रेशन म्हणतात आणि ते अनेक ठिकाणी होते. तेव्हा मज्जेने त्यात किती भर पडते, एवढाच खरा प्रश्न उरतो.

फ्रान्समधील फिलिप हर्निगू यांनी २००२ मध्ये ११६ रुग्णांच्या १८९ खुब्यांचा अनुभव मांडला. गोळा चपटा होण्यापूर्वी उपचार झालेल्या १४५ खुब्यांपैकी ९ ठिकाणी, तर चपटा झाल्यावर उपचार झालेल्या ४४ पैकी २५ ठिकाणी पुढे सांधा बदलावा लागला. २०१८ मध्ये त्यांनीच स्टेरॉइडमुळे दोन्ही खुबे बिघडलेल्या १२५ रुग्णांची दीर्घकाळची पाहणी दिली: प्रत्येकाच्या एका खुब्याला नुसते भोक, दुसऱ्याला मज्जाही. नुसत्या भोकाच्या बाजूचे ७२ टक्के गोळे ढासळले, मज्जेच्या बाजूचे २८ टक्के. हे आकडे मोठे आहेत, पण एकाच कसलेल्या हातचे असल्याने मी ते थोडे हात राखूनच वाचतो. उलट, तिसऱ्या अवस्थेतील, म्हणजे गोळा ढासळू लागलेल्या, खुब्यांवर बेल्जियममध्ये झालेल्या चाचणीत मज्जेचा काहीही उपयोग दिसला नाही.

म्हणजे तुमच्या भावासाठी हा उपचार विचारात घेण्याजोगा आहे, हमी घेण्याजोगा नाही. ज्या पाहणीचा निकाल इतका चांगला, तिथेही शंभरातले अठ्ठावीस गोळे ढासळलेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त आजार सोडून इतरत्र मूळ पेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, म्हणून त्या केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा. तो मिळत नसेल तर पैसे भरू नयेत. डिकंप्रेशन मात्र लांबवू नये, आणि त्यासाठी सांगली-मिरजेबाहेर जावेच लागेल असे नाही.

छत्तिसाव्या वर्षी गोल गोळा काढून कृत्रिम सांधा बसवणे मला पटत नाही, कारण तो झिजल्यावर आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. गोळा चपटाच झाला तर मात्र सांधेरोपणासारखा दुसरा उपाय नाही. उजवा खुबा दुखत नसला तरी मेलेला भाग किती मोठा आहे हे शल्यचिकित्सकांना विचारून घ्यावे. मोठा असल्यास तोही त्याच वेळी उरकता येतो.

छाटणीचे म्हणाल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे कुबड्या लागतील, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंतही पाठीवरचा फवारणी पंप, क्रेट उचलणे आणि उकिडवे बसणे बंद ठेवावे. मांडवाखाली खुर्ची टाकून, कोणती काडी किती डोळ्यांवर छाटायची हे त्याने मजुरांना सांगितले तर माझी हरकत नाही.