किडनी भावाला द्यायची, पण मनात वहिनी येते

किडनी देणाऱ्या नातलगांशी ऑपरेशनच्या आधी एकटं बसून बोलणं हा माझ्या कामाचा भाग. ही गोष्ट भावाला किडनी द्यायला निघालेल्या एका ताईंची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कागदपत्रांची अडचण नव्हती. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण ही जवळची नातलगच. तपासण्याही ठीक होत्या. ताईंना घोर वेगळाच होता. "मॅडम, मुलगा म्हणतो, तुला बरं वाटतं म्हणून तू देतेस, निःस्वार्थ असं काही नसतंच. आणि खरं सांगू? आता वहिनी माझ्यापुढे तोंड वर करून बोलणार नाही, हेही मनात येऊन गेलं. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली तेव्हा तिने चहासुद्धा विचारला नव्हता. मग हे कसलं देणं?"

असं बोलून दाखवणारी माणसं मला जास्त भरवशाची वाटतात. "मला काही नको" असं पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

मुलाचं म्हणणं अर्धंच खरं. जेवल्यावर ढेकर येतो, म्हणून कुणी ढेकरासाठी जेवत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांचा 1981 चा प्रयोग मी त्यांना सांगितला. एका मुलीला विजेचे झटके बसताना लोकांना दाखवलं (झटके खोटे होते). काहींना लवकर निघून जायची मुभा होती, म्हणजे स्वतःची अस्वस्थता टाळायला मदत करायची गरजच नव्हती. तरीही ज्यांना तिचा कळवळा आला, त्यांच्यातले बरेच जण तिच्या जागी बसायला तयार झाले. वाद यानेही मिटलेला नाही. स्वार्थ आणखी खोल दडला असेल, असं म्हणणारे आहेतच.

ताईंनाही मी वाट मोकळी करून दिली. "नको असेल तर आत्ता सांगा. घरी आम्ही 'दाता म्हणून योग्य नाही' एवढंच कळवू. कारण सांगणार नाही."

त्या जरा चिडल्याच. "म्हणजे त्याने आठवड्यातून तीनदा डायलिसिसच करत राहायचं?"

अहवालात 'स्वेच्छेने' लिहायला मला एवढं पुरेसं होतं. वहिनीचा विषय मात्र मी सोडला नाही. पुढेही तिने चहा विचारला नाही तर? दिलेली किडनी काही परत मागता येत नाही, आणि तिच्या बदल्यात काही घेणं कायद्यालाही चालत नाही. त्यावर आम्ही पुन्हा एकदा बसलो.

"भांडायचं ते भांडेनच मी," ताई शेवटी म्हणाल्या, "पण जमिनीवरून. किडनीवरून नाही."