‘समजलं का?’ विचारू नकोस

प्रिय मित्रा,

बौद्धिक दिव्यांग असलेले दोघे सोमवारी तुझ्या पॅकिंगच्या टेबलावर रुजू होतील. त्याआधी ते काम तू स्वतः दहा वेळा कर.

‘खोक्यात बारा पाकिटं भर’ हे आपल्याला एक काम वाटतं. हाताने केलंस की फोड कळते: खोका उघडणं, तळाला टेप, पाकिटं एकाच दिशेने लावणं, बारा मोजणं, झाकण, वरची टेप, स्टिकर. अडतं बहुधा मोजण्यापाशी. म्हणून मोजणं शिकवण्यात महिना घालवू नकोस. पुठ्ठ्याचा बारा खणांचा साचा कर. सगळे खण भरले की बारा झाले. खण पाकिटापेक्षा बोटभरच मोठा ठेव, नाहीतर एकात दोन बसतात.

शिकवताना शेवटाकडून ये. आधीचं सगळं तू कर, स्टिकर त्यांना लावू दे. खोका त्यांच्या हातून पुरा होतो. ते जमलं की वरची टेपही त्यांच्याकडे. मदत मात्र बोलून कमीत कमी कर. ‘आता टेप लावा’ असं रोज म्हणत राहिलास तर टेप लावायची खूण भरलेला खोका नसतो, तुझा आवाज असतो, आणि तू जेवायला गेलास की काम थांबतं. बोटाने दाखव. पुढच्या आठवड्यात दोन पावलं मागे उभा राहा.

‘समजलं का?’ला उत्तर ‘हो’च येतं. ‘करून दाखवा’ म्हण. आणि हो, ‘दाखवा’च. तिशीतल्या माणसाला ‘बाळा’ म्हणणारे टेबलावर निघतीलच, त्यांना तिथल्या तिथे थांबव.

सुरळीत चाललेलं काम अचानक बिघडलं तर हट्टीपणाचा शेरा मारण्याआधी काय बदललं ते शोध: खोक्याचा रंग, स्टिकरची बाजू, शिफ्टची वेळ, शेजारी बसणारा. बदल आदल्या दिवशी सांग. जुना आणि नवा खोका शेजारी ठेवून दाखव.

पगाराची स्लिप पालकांच्या नाही, त्यांच्याच हातात दे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमचं कुठे लावलंय ते एचआरला विचार.

साचे दोन कर. पुठ्ठा फाटतोच, आणि नेमका ऑर्डरच्या गर्दीत.

तुझा,
काका